कै. वाल्देमार हाफकिन साहेब यांचे चरित्र

दानीएलाच्या ग्रंथाचा पहिला अध्याय आमच्या वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. बाबेलच्या राजवाड्यात आणलेल्या चार यहूदी तरुणांनी राजाच्या पंक्तीचे अन्न न खाण्याचा निश्चय केला, तेव्हा कारभाऱ्यास धाक पडला की, हे तरुण रोडावले तर आपले शिर जाईल. दानीएलाने त्याच्याशी वाद घातला नाही. दहा दिवस आम्हांस शाकान्न व पाणी देऊन पाहावे, मग राजाचे अन्न खाणारे व आम्ही यांची तुलना करावी, आणि जे दृष्टीस पडेल त्याप्रमाणे वागावे, एवढेच त्याने मागितले. औषधाची पारख करण्याची जी रीत आज सर्व चांगल्या इस्पितळांत चालते, तिचे बीज या साध्या गोष्टीत आहे. ज्यांस दिले ते व ज्यांस दिले नाही ते, एकाच ठिकाणी व एकाच काळी राहणारे, असे शेजारी शेजारी ठेवून मोजून पाहावयाचे. त्याच यहूदी राष्ट्रात जन्मलेल्या एका पुरुषाने ही रीत मुंबईच्या तुरुंगात चालविली, आणि लवकरच तिच्याच मापाने पुण्याजवळच्या खडकीच्या छावणीत त्याच्या लशीचा हिशेब झाला. प्लेगच्या साथीत लाखो लोकांचे प्राण ज्याच्या श्रमाने वाचले, त्या हाफकिन साहेबांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

वाल्देमार मर्दखय हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा शहरी झाला. ते शहर त्या वेळी रशियाच्या बादशहाच्या अमलाखाली होते. आज ते युक्रेन देशात मोडते. घरची स्थिती बेताची होती. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांस मेचनिकोव्ह नावाचे थोर गुरू लाभले व त्यांच्या हाताखाली सूक्ष्म जीवांची विद्या त्यांनी संपादन केली. १८८१ साली बादशहाचा खून झाल्यावर रशियात यहूद्यांच्या वस्त्यांवर जमाव चालून येऊ लागले, घरे लुटली जाऊ लागली. तेव्हा आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभे राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते. त्यांत त्यांस इजा झाली व कैदही भोगावी लागली. गुरूंनी रदबदली केली म्हणून सुटका झाली.

पुढे त्यांची विद्या पाहून अध्यापकाची जागा त्यांच्यापुढे आली, परंतु तिला एक अट होती. यहूदी धर्म सोडून राज्याच्या मंडळीचा बाप्तिस्मा घ्यावा, म्हणजे जागा मिळेल. हाफकिन यांनी ती जागा नाकारली व एका संग्रहालयात कमी पगारावर काम केले. आमचे कित्येक वाचक असे आहेत की, ज्यांस गावकऱ्यांनी भाकरीसाठी धर्म बदलला असा टोमणा मारलेला आहे. तो टोमणा किती बोचतो हे जो जाणतो, त्यास या तरुणाच्या नकाराची किंमत कळेल. पदासाठी घेतलेला बाप्तिस्मा प्रभूस मान्य नाही. हाफकिन साहेब अखेरपर्यंत यहूदीच राहिले. परंतु ज्या गोष्टीवर आपला विश्वास नाही ती आहे असे म्हणावयाचे नाही, हा त्यांचा बाणा त्यांच्या पुढील सर्व कामात दिसून येतो.

१८८८ साली ते स्वदेश सोडून जिनीव्हा येथे गेले व दुसऱ्या वर्षी पॅरिस शहरी पाश्चर साहेबांच्या संस्थेत दाखल झाले. तेथे प्रथम ग्रंथालयातील साहाय्यकाची जागा मिळाली. पुस्तके सांभाळून उरलेल्या वेळी ते पटकीच्या जंतूंवर प्रयोग करीत. स्पेन देशात फेरान नावाच्या डॉक्टराने १८८५ साली पटकीची लस हजारो लोकांस टोचली होती. परंतु आपली रीत त्याने गुप्त ठेवली व त्याच्या आकड्यांवर चौकशी करणाऱ्यांचा विश्वास बसला नाही. त्यामुळे एवढ्या श्रमानंतरही लशीचा गुण आहे की नाही हे जगास ठरविता येईना. हाफकिन यांनी आपली लस तयार केली, जनावरांवर तपासली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला व उतरला. मगच त्यांनी ती दुसऱ्यांस देण्याची गोष्ट काढली.

१८९३ साली ते हिंदुस्थानात आले. कलकत्त्याच्या गरीब वस्त्यांत, जेथे एकाच तळ्याचे पाणी सर्व कुटुंबे पीत, तेथे त्यांनी काही जणांस टोचले व काहींनी टोचून घेतले नाही. मग पटकी आली, तेव्हा कोणत्या घरी कोण पडले याची नोंद त्यांनी ठेवली. एकाच छपराखाली राहून एकच पाणी पिणाऱ्या माणसांत टोचलेले बचावतात आणि न टोचलेले दगावतात असे दिसले, तर तो योगायोग म्हणता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. लशीची नुसती स्तुती त्यांनी कधी केली नाही, वह्या दाखविल्या.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईस मांडवी भागात गाठीचा ताप उद्भवला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो प्लेग आहे हे ओळखले. लोक शहर सोडून पळू लागले, गिरण्या ओस पडल्या. ऑक्टोबरात सरकारने हाफकिन साहेबांस कलकत्त्याहून मुंबईस बोलाविले. भायखळ्यास ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांस कामासाठी एक खोली व पडवी मिळाली आणि हाताखाली एक कारकून व तीन शिपाई मिळाले. एवढ्या सामग्रीवर त्यांनी रात्रंदिवस काम केले.

लस करण्याची रीत अशी होती. मांसाच्या रश्शात प्लेगचे जंतू वाढवावयाचे. परंतु गाईचे मांस हिंदूस व डुकराचे मांस मुसलमानास निषिद्ध, म्हणून साहेबांनी बकऱ्याचे मांस घेतले. रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांना धरून जंतूंच्या लोंबत्या जटा खाली वाढत. भांडे हालवून त्या तळाशी पाडावयाच्या व पुन्हा नव्या वाढू द्यावयाच्या. असे काही आठवडे चालल्यावर तो रस सुमारे ६५ ते ७० अंशांपर्यंत तापवून जंतू मारीत व त्यांत थोडे कारबोलिक आम्ल घालीत. मेलेले जंतू रोग देत नाहीत. परंतु शरीर त्यांस शत्रू म्हणून ओळखते व खऱ्या शत्रूसाठी सज्ज होऊन राहते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन साहेबांनी ही लस स्वतःस टोचवून घेतली, आणि तीही पुढे लोकांस देत त्याहून पुष्कळ मोठ्या प्रमाणात. ताप भरला, अंग दुखले, तरी त्यांनी काम सोडले नाही.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांस लशीची माहिती सांगून, ज्यांची इच्छा होती त्यांस ३० जानेवारी रोजी टोचले. टोचलेले व न टोचलेले एकाच आवारात राहत, एकच अन्न खात, एकच काम करीत. साथ ओसरल्यावर हिशेब झाला. न टोचलेल्या १७२ जणांपैकी १२ जणांस प्लेग झाला व त्यांतील ६ मेले. टोचलेल्या १४७ जणांपैकी २ जणांस झाला व एकही मेला नाही. संख्या लहान होती, आणि हाफकिन साहेब तेवढ्यावर थांबले नाहीत.

इकडे पुण्यात काय चालले होते हे वृद्ध मंडळींच्या तोंडून पुष्कळांच्या कानी आलेले असेल. १८९७ च्या फेब्रुवारीत रँड साहेबांच्या हाती प्लेगचा बंदोबस्त देण्यात आला. गोरे सोजीर घरोघर शिरून रोगी शोधू लागले, माणसे ओढून छावण्यांत नेऊ लागले, सामान जाळू लागले. स्त्रियांच्या अब्रूची व देवघराच्या सोवळ्याची चाड राहिली नाही, अशी लोकांची तक्रार होती. लोकांनी रोगी लपविले, आणि लपविलेल्या रोग्यापासून साथ अधिक पसरली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड साहेबांवर गोळी झाडण्यात आली व ३ जुलै रोजी ते मरण पावले. त्याच साथीत, १० मार्च रोजी, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. एका बाजूस जबरदस्ती व दुसऱ्या बाजूस सेवा, ही दोन्ही चित्रे एकाच शहरात एकाच ऋतूत दिसली.

पुण्याला लागूनच खडकीस तोफखान्याची छावणी होती. तेथील नोकरचाकर व त्यांची बायकामुले यांच्यात त्याच वर्षी प्लेग झाला. तेथे ६७१ जणांस हाफकिन साहेबांची लस टोचली होती व ८५९ जण टोचल्यावाचून राहिले होते. टोचलेल्यांपैकी ३२ आजारी पडून १७ मेले. न टोचलेल्यांपैकी १४३ आजारी पडून ९८ मेले. शंभर माणसांचा हिशेब केला तर टोचलेल्यांत सुमारे अडीच व न टोचलेल्यांत अकराहून अधिक मेले. १७ मेले हे लपविले नाही, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात धरावी. लस टोचली म्हणजे मरणच नाही असे हाफकिन साहेबांनी म्हटले नाही. जो आपल्या औषधाचे अपयशही मोजून सांगतो, त्याच्याच यशावर विश्वास ठेवावा.

याहूनही चोख परीक्षा १८९८ च्या आरंभी बडोद्याजवळच्या उंढेरा गावी झाली. गावात प्लेग चालूच होता. हाफकिन साहेबांनी घरोघरची माणसे मांडून घेतली आणि प्रत्येक कुटुंबातील सुमारे अर्ध्या माणसांस टोचले, म्हणजे एकाच चुलीवर जेवणारे भाऊ-बहीण, सासू-सून यांच्यातच तुलना व्हावी. साथ संपल्यावर घरोघर फिरून चौकशी झाली. ज्या कुटुंबांत प्लेग शिरला होता त्यांत टोचलेली ७१ माणसे होती. त्यांतील ८ आजारी पडली व ३ मेली. न टोचलेली ६४ होती. त्यांतील २७ आजारी पडली व २६ मेली. हे आकडे वाचताना त्यांच्यामागची घरे डोळ्यांपुढे आणावी. एका लहानशा गावात सव्वीस माणसे गेली, आणि त्यांच्याच घरांतील टोचलेली बहुतेक माणसे मागे राहिली.

या परीक्षांनी लोकांचे मन हळूहळू वळले. आगाखान यांनी लोकांसमक्ष स्वतः टोचवून घेतले व प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला. त्यांच्या मागून खोजा जमातीचे हजारो लोक पुढे आले. १८९९ साली परळ येथे जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग प्रयोगशाळा उघडली व हाफकिन साहेब तिचे मुख्य झाले. सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने कठोर चौकशी करून, लशीने रोग व मृत्यू दोन्ही कमी होतात असे ठरविले. परंतु बचाव पूर्ण नाही, आणि काही ठिकाणचे आकडे काळजीपूर्वक घेतलेले नाहीत, असेही सांगितले. औषध चांगले ठरले तरी चौकशी थांबवू नये, हे यावरून शिकावे.

आता या चरित्रातील दुःखाचा भाग सांगावयाचा आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबात मल्कोवाल गावी पाच बाटल्यांतून १०७ लोकांस लस टोचली. थोड्याच दिवसांत त्यांतील १९ जणांस धनुर्वात झाला व ते सर्व मेले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाकीच्या चार बाटल्यांतून टोचलेल्यांस काही झाले नाही. देशभर हाहाकार उडाला. चौकशी मंडळाने ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. बाटली तेथेच दूषित झाली असावी, असे त्यांनी मानले. हाफकिन साहेबांस कामावरून दूर करण्यात आले व १९०४ साली ते विलायतेस गेले. ज्या मनुष्याने आपल्या देहावर लस प्रथम घेतली, त्याच्या नावापुढे एकोणीस माणसांचे मरण लिहिले गेले.

त्यांनी शिव्याशाप दिले नाहीत. जी रीत त्यांनी लशीस लावली होती तीच आपल्या प्रकरणास लावावी, म्हणजे पुरावा तपासावा, एवढेच ते मागत राहिले. पुराव्यात काय होते? बाटली मुंबईहून कित्येक आठवडे आधी निघालेली होती. धनुर्वाताचे जंतू इतके दिवस तिच्यात वाढले असते तर दुर्गंधी सुटली असती. पण टोचणाऱ्या डॉक्टराने बाटली उघडताना हुंगून पाहिली होती व तिला वास नव्हता. आणि बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीत धरून शुद्ध करावयाचा, त्याऐवजी केवळ कारबोलिकच्या पाण्यात बुडवून घेतला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात हे आपणांस ठाऊक आहेच. हिवतापाचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस यांनी हा अन्याय जगापुढे मांडला. १९०७ च्या जुलैत त्यांनी व इतर नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स पत्रात जाहीर पत्र लिहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने हाफकिन यांस दोषमुक्त करून पुन्हा हिंदुस्थानात येण्यास बोलाविले.

ते आले, परंतु मुंबईची त्यांची जागा भरलेली होती. त्यांस कलकत्त्यास काम दिले, आणि तेथे पूर्वीसारखे लोकांत जाऊन लशींची परीक्षा करण्याची मोकळीक त्यांस राहिली नाही. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी सेवानिवृत्त होऊन ते युरोपात परतले. त्यांनी लग्न केले नव्हते. उतारवयात त्यांचे मन आपल्या पूर्वजांच्या धर्माकडे अधिकच लागले, आणि १९२९ साली त्यांनी आपली मिळकत यहूदी धर्मशाळांतील विद्यार्थ्यांच्या साहाय्यार्थ लावून दिली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडातील लोझान गावी ते मरण पावले. परळच्या प्रयोगशाळेस १९२५ सालापासून हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले, आणि १८९७ पासून त्या वर्षापर्यंत मुंबईहून लशीच्या दोन कोटी साठ लाखांच्या सुमारास मात्रा बाहेर गेल्या होत्या.

आज प्लेग झाल्यास जंतुनाशक औषधांनी तो वेळीच बरा करता येतो, आणि हाफकिन साहेबांची ती लस आता मागे पडली आहे. तो उंदरांवरील पिसवांच्या दंशाने पसरतो हेही नंतर कळून आले. परंतु मोजून पाहण्याची त्यांची रीत मागे पडली नाही. ती अधिक शुद्ध झाली. जे आपण होऊन पुढे येतात ते कधी कधी मुळातच अधिक सुदृढ किंवा सावध असतात, म्हणून आता कोणास औषध द्यावे व कोणास नाही हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवितात. कैद्यांवर आता तशी सहज परीक्षा करू देत नाहीत, आणि ज्याच्यावर परीक्षा करावयाची त्यास सर्व समजावून त्याची संमती घ्यावी लागते. हे काम केवळ मोठ्या शहरांतच चालते असेही नाही. पुण्याच्या के. ई. एम. इस्पितळाने शिरूर तालुक्यातील वढू येथे गावकऱ्यांसाठी दवाखाना चालविला आहे. तान्ह्या मुलांस जुलाबाने मारणाऱ्या रोटा विषाणूची स्वदेशी लस २०११ पासून दिल्ली, वेल्लूर व पुणे या तीन ठिकाणी मिळून ६,७९९ बालकांवर पारखली गेली, त्यांत पुण्याकडील ग्रामीण आयांची लेकरे होती. कोणत्या बालकास खरी लस मिळाली हे आईसही ठाऊक नव्हते व डॉक्टरासही. तीव्र जुलाबाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले असे दिसले, आणि २०१६ पासून ती लस सरकारी लसीकरणात देऊ लागले. गावच्या बायकांनी आपली लेकरे कडेवर घेऊन येऊन साऱ्या देशातील मुलांसाठी ही साक्ष दिली.

उपदेशक बंधूंनो, गावात कोणी आजारी पडला की लोक प्रथम तुमच्या दारी येतात. अमक्या मुळीने एक मनुष्य बरा झाला, अमक्या लशीने एक मूल मेले, अशा वार्ता तुमच्या कानी रोज पडतात. त्यांवर हसू नका व त्या तशाच पुढे सांगूही नका. विचारा की, किती जणांनी ते घेतले, त्यांतील किती बरे झाले, आणि ज्यांनी घेतले नाही त्यांतील किती आपोआप बरे झाले. जेथे हे तीन प्रश्न विचारता येत नाहीत तेथे निर्णय देण्याची घाई करू नका. मंडळीच्या वहीत जन्म, मृत्यू व आजार यांची नोंद तारखेसह ठेवा. तालुक्याच्या डॉक्टरास ती वही भाषणापेक्षा अधिक उपयोगी पडेल. कोणासही धाकाने दवाखान्यात नेऊ नका. धाकाने काय होते ते पुण्याने पाहिले आहे. दवाखान्यात साह्य करीत असाल तर जमिनीवर पडलेला चिमटा पुन्हा शुद्ध केल्यावाचून हाती घेऊ नका, कारण एका क्षणाच्या आळसाने एकोणीस घरे बुडाली व एका निर्दोष मनुष्याची अब्रू गेली. आणि चौकशी पुरी होण्यापूर्वी कोणावर दोष ठेवू नका.

काही भाविक जन म्हणतात की, प्रार्थना करणाऱ्यास अशा मोजमापाची गरज काय? परंतु थेस्सलनीकाच्या मंडळीस प्रेषिताने सर्व गोष्टींची पारख करून चांगले तेवढे धरण्यास सांगितले, ते प्रार्थनेची आज्ञा दिल्यावर लगेच सांगितले. प्रार्थना करणाऱ्यानेच सत्याची भीती बाळगू नये. रोग्यासाठी गुडघे टेकावे, आणि उठून त्यास असे औषध द्यावे की ज्याचा गुण कोणीतरी प्रामाणिकपणे मोजून पाहिला आहे.